नानांसमोर मुका होणारा रेडिओ

सर्व संबंधितांस याद्वारे कळवण्यात येते की, काचेच्या बांगड्यांमुळे रेडिओत खरखर येत नाही. पूर्वी कधी आली नव्हती, पुढेही येणार नाही. याविरुद्ध मी — जळगावचा जुना रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला, हल्ली डिश आणि सीसीटीव्ही — तरुणपणी असोद्यात चार माणसांसमोर जे तोंडी प्रमाणपत्र दिलं होतं, ते आजपासून रद्द समजावं. ज्या व्यक्तीचं त्यामुळे नुकसान झालं ती आता हयात नाही, त्यामुळे हरकती मागवलेल्या नाहीत.

हं. आता बसा नीट, मंडळी.

मी भूतबित मानणारा माणूस नाही. या सदरातले अनुभव मी जेवताना मोठ्याने वाचतो आणि बायकोला हसवतो. "आमच्या घरी टीव्ही आपोआप सुरू होतो हो" म्हणत माणसं पांढरीफटक होऊन माझ्या दुकानात यायची, तेव्हा मी त्यांना शेजाऱ्याचा रिमोट दाखवून घरी पाठवायचो. ज्या वस्तूला वायर आहे तिच्यात भूत नसतं, लूज कनेक्शन असतं — असं मी आयुष्यभर सांगत आलो. अजूनही सांगतो. फक्त हल्ली ते सांगताना जरा इकडेतिकडे बघून घेतो.

तर जागा — असोदे. जळगावहून मोटरसायकलने पाऊण चहाच्या अंतरावर. तिथे माझी फुई दिलेली. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. फुईच्या नवऱ्याला खरं तर फुवा म्हणायला हवं, पण सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं म्हणून मीही नानाच म्हणत आलो. घर साधं, स्लॅबचं. समोर शहाबादी फरशीचा ओटा, मग उंबरठा, आत बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर. फुई जाऊन सहा वर्षं झाली. घरात नाना, त्यांचा मुलगा सुरेश आणि सून मंगलवहिनी. वहिनी धुळ्याकडच्या, एरवी आपल्यासारखं बोलतात, पण वैतागल्या की माहेरची अहिराणी बाहेर पडते. त्यांची मुलगी नेहा दूर शहरात रेडिओवर लागली. संध्याकाळी सात वीसला, दहा मिनिटांचा कार्यक्रम — पत्रं वाचायची, एक गाणं लावायचं, गोड बोलायचं.

आता नाना म्हणजे कोण ते समजून घ्या. एके काळी ग्रामपंचायतीचा सार्वजनिक रेडिओ नानांच्या ताब्यात होता. कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला. संध्याकाळी चौकात भोंगा लागायचा आणि कोण जवळ बसणार, कोण लांब उभं राहणार, हे नाना ठरवायचे. पुढे घरोघरी रेडिओ आले, चौकातला भोंगा गेला, पण नानांचा थाट तसाच राहिला. फक्त राज्य आक्रसून बैठकीच्या खोलीएवढं झालं. अशा माणसाची नात रेडिओत बोलते! नाना ब्याऐंशी वर्षांचे, एक कान पूर्ण गेलेला, दुसरा अर्धा, आणि एकच इच्छा — त्या अर्ध्या कानाने नेहाला ऐकायचं.

नेहाने मोबाईलवर ऐकायची सोय सांगितली. नानांनी मोबाईल बाजूला सारला. सुरेशने कार्यक्रम रेकॉर्ड करून ऐकवायची तयारी दाखवली.

"टेप नको मले," नाना म्हणाले. "टेप म्हनजे शिळं. मले चालू पाह्यजे."

मग नेहाने पहिल्या पगारातून डिजिटल रेडिओ पाठवला. काळा, चकचकीत, पुढे छोटा पडदा, त्यावर केंद्राचं नाव आणि सिग्नलच्या काड्या. आणि चौथ्या दिवशी मला वहिनींचा फोन. "बाळूभाऊ, हे डबडं नानांसमोर तोंड उघडत नाही. येऊन बघा."

इथे दोन वाक्यं तांत्रिक, कंटाळू नका. जुन्या रेडिओचा सिग्नल कमी झाला की तो खरखरायचा, कण्हायचा, पण बोलत राहायचा. डिजिटलला खरखर नसते. आला तर स्वच्छ, नाहीतर चिडीचूप. जुना रेडिओ आजारी पडायचा. हा सरळ मरतो.

मी सहा वाजता पोहोचलो. लांबचं केंद्र दिवसा कुंथत येतं, दिवेलागणीला झकास येतं — वेळ बरोबर होती. नाना खुर्चीत, रेडिओ शेजारच्या स्टुलावर, चांगला कान त्याला चिकटवलेला. पडद्यावर एकही काडी नाही.

मी ओळीने सगळं केलं. एलईडी ट्यूब बंद केली, कारण स्वस्तातल्या ट्यूबा फार कचरा फेकतात. मोबाईलचे चार्जर काढले. इन्व्हर्टर बंद केला. वायफायचा डबा बंद केला, त्यावर शेजारच्या घरातून ओरडा आला — तेव्हा कळलं की तेही त्याच वायफायवर होते. फ्रिज बंद केला, वहिनींनी डोळे वटारले. गच्चीवर जाऊन, पत्र्याच्या शेडपासून लांब, वीस फुटांची तार बांधली आणि खिडकीतून आत आणली. अर्थिंगची तार केळीच्या बुडाशी ओल्या मातीत खुपसली. रेडिओ बॅटरीवर घेतला. काही नाही! घरात अंधार, घामाच्या धारा, आणि रेडिओ गप्प.

"काय रे बाळ्या," नाना म्हणाले, "तुले येते का काही, का नुसत्या तारा बांधतो?"

एवढं बोलून ते लघवीला म्हणून उठले. काठी टेकत उंबरठा ओलांडला आणि ओट्यावर पाय ठेवला मात्र — पडद्यावर सटासट पाचही काड्या! आणि शेतीविषयक कार्यक्रमातला कोणी तज्ज्ञ खणखणीत आवाजात कापसावरच्या अळीबद्दल बोलू लागला.

नाना परत आले. अळी गप्प.

मी हसलो. खरं सांगतो, पोट धरून हसलो. "वहिनी, फॉल्ट सापडला! फॉल्टचं नाव नाना!"

आता मनुष्याचं शरीर सिग्नल अडवू शकतं, हे शास्त्र आहे. म्हणून मी शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. नानांना आत-बाहेर चालवलं. सात वेळा! बाजारात बैल चालवून बघतात तसं. आत आले की गप्प, बाहेर गेले की सुरू. सुरेशला त्यांच्या खुर्चीत बसवलं — सुरू. वहिनी बसल्या — सुरू. मी त्यांची टोपी घालून, काठी घेऊन बसलो — सुरू. तोपर्यंत दारात शेजारी जमले होते. नाना आत पाऊल टाकायचे आणि सगळे एका सुरात ओरडायचे, "गेला!" नाना बाहेर जायचे, "आला!" मी पडद्याकडे बोट दाखवत इशारे करत होतो. मजा आली. नानांचे पाय थरथरत होते, तेही दिसत होतं. पण मजा आली, हे लपवून काय करू?

सात वीसला नेहाचा कार्यक्रम लागला. नाना ओट्यावर, आम्ही आत. नेहा काहीतरी गमतीचं बोलली, आम्ही हसलो. नानांना ओट्यावरून तिचा आवाज ऐकू जाणं शक्यच नव्हतं. ते दारातून आमच्या तोंडांकडे बघत होते.

"काय म्हने?" त्यांनी विचारलं.

"सांगते नंतर!" वहिनी म्हणाल्या. आणि विसरल्या.

मला झोप आली नाही असं म्हणणार नाही, छान आली. पण धंद्याची इज्जत होती. दोन दिवसांनी मी लांबलचक वायर आणि जादा स्पीकर घेऊन गेलो. रेडिओ आत, स्पीकर ओट्यावर नानांच्या कानाशी. अडवायला शरीरच नको ना रेडिओजवळ! नाना उंबरठ्याबाहेर असूनही रेडिओ गप्प झाला. स्पीकर उचलून गल्लीत ठेवला — सुरू. नाना उठून स्पीकरपाशी गेले — गप्प.

मग मी शेवटचा पत्ता काढला. हेडफोन. तीच लांब वायर, नाना ओट्यावर. हेडफोन वहिनींच्या कानाला — येतंय. सुरेशच्या कानाला — येतंय. नानांच्या कानाला लावला...

पडद्यावरच्या काड्या एकेक करून विझल्या. माझ्या डोळ्यांसमोर.

तेव्हा मला कळलं की हा खोलीचा किंवा शरीराचा प्रश्नच नव्हता. नानांना ऐकू जाईल अशा ठिकाणी तो बोलायचाच नाही. बस्स. एवढा एकच नियम.

नाना मात्र हेडफोन काढत नव्हते. मान वाकडी करून ऐकत राहिले.

"येतंय का, नाना?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"बांगड्या वाजू राहिल्या," ते म्हणाले.

"काय?"

"बांगड्या. कोन्ही तरी बांगड्या वाजवू राहिलं याच्यात."

मी हेडफोन घेतला. आत काहीही नव्हतं. डिजिटलची शांतता ही जगातली सर्वांत कोरडी शांतता असते, तिच्यात साधा फुसकारा नसतो. वहिनींनी ऐकलं, त्यांनाही काही नाही. "कोणाच्या बांगड्या, नाना?" त्यांनी विचारलं. नानांनी हेडफोन मागून घेतला. धोतराच्या सोग्याने पुसला आणि मला परत दिला.

वहिनी या घरात आल्या तेव्हा फुई आधीच ओट्यावर बसायची; त्यामागच्या बांगड्या त्यांना माहीत नव्हत्या. मला होत्या.

आमची फुई कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या घालायची. तिला रेडिओचं वेड होतं, विशेषतः सायंकाळच्या गाण्यांचं. आणि नानांचं म्हणणं असं, की तिच्या बांगड्यांनी रेडिओत खरखर येते. ती आत येऊन बसली रे बसली की नाना न बघता म्हणायचे, "बाहेर बस. खरखर येते." फुई उठायची आणि ओट्यावर खांबाला टेकून बसायची. गाणं ऐकू यायचं अर्धंमुर्धं. आतले हसले की ती दारातून विचारायची, "काय म्हने वं?" कोणी सांगायचं नाही. बांगड्या काढून ठेवाव्यात तर नवरा जिवंत असताना हात रिकामे कसे ठेवायचे? तो मार्ग बंद. अनेक वर्षं ती तिथे बसली. खांबाजवळची फरशी तिच्या बसण्याने गुळगुळीत झाली, अजून आहे.

एकदाच तिने बंड केलं. मी तेव्हा रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करून नुकताच आलो होतो, छाती दोन इंच पुढे. घरात पाहुणे होते. फुई सगळ्यांसमोर म्हणाली, "बाळू, तू शिकेल हाये. तूच सांग, बांगड्यांनी खरखर येते का?"

नाना माझ्याकडे बघत होते. पाहुणे बघत होते. काचेतून वीज जात नाही, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला माहीत होतं. आणि फुईला माहीत होतं की मला माहीत आहे. पण काय सांगू, मंडळी, जमलेल्या लोकांसमोर मला नेहमीच काहीतरी होतं. मी कॉलर ताठ केली, घसा साफ केला आणि गंभीरपणे जाहीर केलं, "फुई, काच म्हणजे रेडिओचा एक नंबरचा शत्रू!"

काय हशा पिकला! नानांनी माझ्या पाठीत थाप मारली. फुईसुद्धा हसली. हसत हसत उठली आणि बाहेर जाऊन बसली. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. आत येऊनही बसली नाही, थेट मरेपर्यंत.

हे मी त्या दिवशी ओट्यावर वहिनींना सांगितलं. सगळा अभिनय करून, कॉलर ताठ करून. वहिनी हसल्या नाहीत. नाना बहिरे, तरी आमच्या तोंडांकडेच बघत होते.

"काय म्हने?" त्यांनी विचारलं.

पुढच्या आठवड्यात नेहाचा फोन आला. "नानांना सांगा, शुक्रवारी मी त्यांचं नाव घेणार आहे. गाणं त्यांच्यासाठी लावणार आहे." नानांना हे मोबाईलचा स्पीकर कानाला लावून तीनदा ऐकवलं. ते सबंध गावाला सांगत सुटले. शुक्रवारी दुपारीच त्यांनी दाढी करून घेतली, धुतलेली टोपी घातली. मलाही बोलावणं होतं. मी गेलो — रेडिओ दुरुस्त करायला नाही, बघायला गेलो, खरं सांगायचं तर.

साडेसहापासून खोली भरली. आया-बाया, पोरं, शेजारी. नाना खुर्चीत बसलेले. रेडिओ शेजारी. काड्या शून्य. सातला पाच कमी. सात दहा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुरेश म्हणाला, "नाना, रेकॉर्ड करतो मी. नंतर ऐका."

नानांनी खुर्चीचे हात धरले. "मी हालत नाही. माह्यं नाव घेनार हाये ती. मले आयकू येईल. माह्या नावाले तरी येईल."

सात एकोणीस. सात वीस. शांतता. पडद्यावर केंद्राचं नावसुद्धा नाही. एक म्हातारी पुटपुटली, "एका माणसापायी बठ्ठ्यांचं बुडालं." सात बावीस. आणि मंगलवहिनी, ज्यांनी आपल्या पोरीचा आवाज एकही दिवस चुकवला नव्हता, त्यांचा बांध फुटला.

"नाना! बाहेर जाईसन बसा ना जरा!"

नानांना बहुधा शब्द ऐकू गेले नाहीत. तोंडं दिसली. त्यांनी प्रत्येकाकडे पाहिलं, माझ्याकडेही. मी वर पंख्याकडे बघितलं. मग ते उठले. त्यांना वाट द्यायला पोरांनी पाय आखडून घेतले. उंबरठ्यावर ते क्षणभर थांबले, वाटलं वळतील. वळले नाहीत. बाहेर जाऊन खांबाला टेकून बसले — बरोबर त्या गुळगुळीत फरशीवर.

"...माझे आजोबा, असोद्याचे नाना!" रेडिओ म्हणाला.

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. नेहा नानांबद्दल बोलली, चौकातल्या भोंग्याबद्दल बोलली, मग गाणं लागलं. पाच मिनिटं. ओट्यावरून एकदा आवाज आला, "काय म्हने?" गाणं चाललं होतं. कोणी उठलं नाही.

त्यानंतर नाना आत आले नाहीत. रेडिओ बंद असला तरी नाही. ताट बाहेर, चहा बाहेर, खाट बाहेर. वहिनींनी खूप विनवलं. सुरेशने तर रेडिओच फोडायची भाषा केली. नाना म्हणाले, "राहू दे. अठे बरं हाये." दोन आठवड्यांनी सकाळी वहिनी चहा घेऊन गेल्या, तर ते खांबाला टेकून बसलेले होते, मान दाराकडे. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. वय झालेलं. त्यात गूढ काही नाही.

गूढ एवढंच, की त्यानंतर रेडिओ सुधारला. सुतक होतं, पण नेहाचा आवाज म्हणून सुरेश सात वीसला दहा मिनिटं लावायचा. काड्या पाच. एक दिवस चुकला नाही.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी मी गेलो. जेवणं झाली, लांबचे पाहुणे गेले, घरचे तेवढे उरले. नेहा आली होती; तिचा त्या दिवसाचा कार्यक्रम आधी रेकॉर्ड केलेला होता. सात वीसला रेडिओ लावला. नेहा खोलीतही आणि रेडिओतही, पोरांना मोठी गंमत वाटली. छान चाललं होतं. मग सुरेशने नानांचा हार घातलेला फोटो ओट्यावरून आत आणला आणि त्यांच्या खुर्चीवर ठेवला. रेडिओच्या शेजारी.

गप्प.

मी पडदा बघितला. शून्य. नेहाने दोन्ही हात तोंडावर धरले. सुरेश फोटो सोडून मागे सरकला. मी — वायर तिथे लूज कनेक्शन म्हणणारा मी — जागचा हललो नाही.

आता पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण शेवटचं वाक्य मला शेवटीच हवं आहे. आवाज परत आला. फोटो कोणी हलवला नाही. वायरला कोणी हात लावला नाही. पाचही काड्या आल्या आणि कार्यक्रम राहिलेल्या शब्दापासून पुढे चालू झाला. ओट्यावर कोण आहे — एकजण की दोघं — ते बघायला आमच्यापैकी कोणीही उठलं नाही. दुसऱ्या दिवशी सुरेशने तो सेट मला देऊ केला, मी घेतला नाही. तिथेच उघडून सर्किट बघितलं, सगळं ठीक. माझ्याहून शिकलेल्या दोघांना विचारलं, ते हसले. मीही हसलो असतो.

तर ती शांतता. खुर्चीत फोटो. आणि स्वयंपाकघरातून मंगलवहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी खुर्चीकडे बघितलंच नाही. रेडिओ बंद पडलेला तेवढा ऐकला, आणि सवयीने, वैतागून, मोठ्याने म्हणाल्या —

"नाना, बाहेर जाईसन बसा ना जरा!"